शुद्ध प्रत आणि पुसलेली रेघ : ‘सिंडरेला’ चित्रपटाच्या जीर्णोद्धाराचें परीक्षण

इतिहाससंशोधनाच्या त्रैमासिकांत चित्रपटाचें परीक्षण कशाला, असा प्रश्न कित्येक वाचकांच्या मनांत येईल. त्याचें उत्तर आरंभींच देणें इष्ट आहे. प्रस्तुत लेखाचा विषय करमणूक हा नसून प्रत हा आहे. जुनी वस्तु झिजते, मळते. तिच्या नकला होतात, नकलांच्या नकला होतात. पुढें कोणी एक ती ‘शुद्ध’ करून लोकांपुढें मांडतो, आणि कांहीं काळानें लोक त्या शुद्ध केलेल्या रूपासच मूळ समजूं लागतात. पोथी, बखर, शिलालेख, देवालय यांच्या बाबतींत हा क्रम आपल्या पूर्ण परिचयाचा आहे. शेंदराच्या पुटांखालीं मूर्तीचे अवयव दिसेनासे होतात हें जसें आपण पाहतों, तसेंच तीं पुटें काढणाऱ्याचा हात खोल जाऊन मूर्तीचें नाकच झिजल्याचेंही पाहतों. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत हाच प्रसंग हातानें काढलेल्या चित्रांच्या जुन्या चित्रपटांवर आलेला आहे. त्यांतील एक प्रसिद्ध उदाहरण म्हणजे अमेरिकेंतील वॉल्ट डिस्ने यांच्या चित्रशाळेनें १९५० सालीं प्रसिद्ध केलेला ‘सिंडरेला’. फ्रेंच ग्रंथकार पेरो यानें १६९७ सालीं लिहिलेल्या कथेवर तो रचलेला आहे, आणि १९५१ सालीं बर्लिनच्या पहिल्याच चित्रपट-महोत्सवांत संगीतपटांच्या वर्गांतील सुवर्ण-अस्वलाचें पारितोषिक त्यास मिळालें. याच चित्रपटाची नवी शुद्ध प्रत २०२३ सालीं लोकांपुढें आली. तिच्या निमित्तानें अशा शुद्धीकरणाचे नियम काय असावेत, याचा विचार येथें कर्तव्य आहे.

१. पटाची घडण

वस्तु कशी घडली हें कळल्यावांचून तिच्यांतील दोष कोणते व गुण कोणते हें ठरवितां येत नाहीं. या चित्रपटांत चित्रकार प्रथम कागदावर पेन्सिलीनें एकेक आकृति काढी. तो कागद शाई-रंगाच्या खात्यांत जाई. तेथें काम करणाऱ्या बहुतेक स्त्रिया असत. त्या कागदावर सेल्युलॉइडचा पारदर्शक पत्रा ठेवून टांकानें रेघ न् रेघ उतरवीत, आणि पत्रा उलटा करून मागल्या बाजूनें रंग भरीत. या पत्र्यास ‘सेल’ म्हणत. रंगविलेल्या देखाव्यावर सेल ठेवून, वरून कांच दाबून, कॅमेऱ्यानें त्याचें छायाचित्र घेत. मग दुसरा सेल, मग तिसरा. पडद्यावर दर सेकंदास अशा २४ चौकटी सरकतात. ‘सिंडरेला’ची लांबी सुमारें ७४ मिनिटें आहे, म्हणजे एकंदर चौकटी लाखाच्या वर जातात.

रंगाची रीत याहून विलक्षण होती. टेक्निकलरच्या ज्या पद्धतीनें हे चित्रपट घेतले जात, तींत प्रत्येक चौकट काळ्यापांढऱ्या फिल्मवर लागोपाठ तीन वेळां घेत : एकदां तांबड्या, एकदां हिरव्या आणि एकदां निळ्या फिल्टरमधून. म्हणून निगेटिव्हची लांबी चित्रपटाच्या तिप्पट होई. तीन लाखांहून अधिक चौकटींच्या त्या सबंध निगेटिव्हांत रंग म्हणून एक ठिपकाही नसे. पुढें या तीन साक्षींवरून तीन साचे करून तीन रंगद्रव्यें एकावर एक छापीत, तेव्हां पडद्यावरचा रंग सिद्ध होई. मोडी दफ्तरें वाचणारांस ही स्थिति लगेच उमजेल. मोडींत इकार-उकारांचा ऱ्हस्वदीर्घ भेद दाखवीत नाहींत. तो वाचणारानें संदर्भावरून पुरवावयाचा असतो. तसेंच येथें निगेटिव्हांत रंगांचें परस्पर प्रमाण नोंदलेलें आहे. परंतु शेवटची छटा छापणाराच्या हातीं ठरली. यास्तव ‘आम्ही मूळ निगेटिव्हवरून रंग घेतले’ असें कोणी म्हणूं लागल्यास, त्यांत वाचणाराचा भाग किती, हें विचारण्याचा आपणांस अधिकार पोंचतो.

२. दोषांचे तीन वर्ग

जुन्या पटांत जे जे डागासारखें दिसतें त्याचे तीन वर्ग करावे लागतात. आणि आमच्या मतें सर्व वादाचें मूळ हे तीन वर्ग एकांत एक मिसळण्यांत आहे.

पहिला वर्ग काळानें आणलेल्या दोषांचा. फिल्म यंत्रांतून वारंवार जाऊन पडलेले ओरखडे, तुटून जोडलेल्या जागा, आकुंचन पावल्यानें तीन साक्षी एकमेकींवर बरोबर न बसणें, तेलाचे व हातांचे डाग, हे सर्व यांत येतात. पोथीला लागलेली कसर व पाण्याचा डाग यांच्या पंक्तीचे हे दोष होत. ते काढण्यास कोणाचीच हरकत असूं नये.

दुसरा वर्ग कामाच्या वेळींच पडलेल्या दोषांचा. सेलवर बसलेला धुळीचा कण कांचेखालीं सांपडून कॅमेऱ्यांत टिपला गेला. एका सेलची अंधुक सावली खालच्या देखाव्यावर पडली. कांच आणि सेल यांच्यामध्यें राहिलेल्या हवेच्या पातळ थरामुळें इंद्रधनुष्यासारखीं कडीं उमटलीं. हे दोष पटाबरोबरच जन्मलेले आहेत. ग्रंथकर्त्याच्या समोर बसून लिहिणाऱ्या पहिल्या लेखकाचा प्रमाद जसा, तसे हे.

तिसरा वर्ग जे दोषच नव्हेत परंतु दोषासारखे दिसतात त्यांचा. टांकाची रेघ कोठें जाड कोठें बारीक होते. एका चौकटींतली रेघ पुढच्या चौकटींत केसभर सरकते. वेग दाखविण्यासाठीं कोरड्या कुंचल्याचे ओढलेले फराटे एकदोन चौकटींपुरतेच येऊन जातात. फिल्मच्या रासायनिक लेपाचे बारीक कण, ज्यांस ग्रेन म्हणतात, सर्व चित्रावर हलत असतात. पुढें १९६१ सालच्या ‘वन हंड्रेड अँड वन डाल्मेशियन्स’ या चित्रपटापासून चित्रकाराची पेन्सिलीची रेघ झेरॉक्सच्या युक्तीनें सरळ सेलवर उतरूं लागली. तेव्हां आकृतीची बांधणी करतांना काढलेल्या कच्च्या रेघाही कोठें कोठें तशाच पडद्यावर आल्या. या सर्व खुणा मनुष्याच्या हाताच्या व त्या काळच्या साधनांच्या आहेत. यांस मळ समजणें म्हणजे हस्ताक्षरास शाईचा डाग समजण्यासारखें आहे.

पहिला व दुसरा वर्ग ओळखण्याचें एक उत्तम साधन त्या तिहेरी निगेटिव्हांतच आहे. जो कण तीन साक्षींपैकीं एकींतच दिसतो, तो बहुधा फिल्मवर मागाहून बसलेला. छापल्यावर तो रंगीत ठिपका होऊन उमटतो. जो कण तिन्हींत एकाच जागीं दिसतो, तो कॅमेऱ्यापुढें सेलवरच होता. तीन पोथ्यांपैकीं एकींतच आढळणारी चूक त्या पोथीच्या लेखकाची, आणि तिन्हींत आढळणारी त्यांच्या समान पूर्वजाची, या पाठचिकित्सेच्या नियमाचें इतकें स्वच्छ प्रत्यंतर आमच्या पाहण्यांत दुसरें नाहीं.

तिसऱ्या वर्गास मात्र असा सोपा कस लागत नाहीं. संगणकाची रीत अशी कीं, तो पाठोपाठच्या चौकटी ताडून पाहतो. जें टिकून राहतें तें चित्र आणि जें क्षणभर चमकून जातें तो मळ, असा त्याचा निर्णय. प्रत्यक्ष मनुष्यांच्या छायापटांत हा निर्णय पुष्कळ अंशीं चालतो. परंतु हातानें काढलेल्या चित्रांत खरी रेघही क्षणोक्षणीं चमकून जाते! तिच्या चमकण्यांतच आकृतीचा जीव आहे. तेव्हां यंत्राची चाळण बारीक केली कीं धुळीबरोबर रेघही गळते, आणि पाहणाऱ्यास त्याचा पत्ताही लागत नाहीं. कारण जें गेलें त्याच्या जागीं भोक राहत नाहीं, गुळगुळीत रंग राहतो.

३. दोन संस्करणें

संगणकाच्या साहाय्यानें सबंध चित्रपट शुद्ध करण्याचा पहिला मोठा प्रयत्न १९९३ सालीं झाला. डिस्ने यांचाच १९३७ सालचा ‘स्नो व्हाइट अँड द सेव्हन ड्वार्फ्स’ हा चित्रपट कोडॅकच्या सिनेसाइट या संस्थेनें पूर्णपणें संगणकांत उतरवून घेतला, तेथें दुरुस्त केला, आणि पुन्हां फिल्मवर उतरविला. ८३ मिनिटांच्या त्या पटांत चौकटी सुमारें १,१९,५०० भरतात. त्यापूर्वीं शुद्धीकरण म्हणजे धुणें, जोडणें आणि नवी नकल काढणें एवढेंच होतें. चित्राच्या आंत हात घालण्याचें सामर्थ्य तेव्हां प्रथम आलें. सामर्थ्य आलें कीं संयमाचा प्रश्न येतोच.

‘सिंडरेला’च्या वाट्यास हा प्रश्न पुरेपूर आला. २००५ सालीं या चित्रपटाची शुद्ध केलेली प्रत डीव्हीडीवर निघाली, आणि २०१२ सालीं ब्लू-रे तबकडीवर. प्रथमदर्शनीं या प्रती डोळे दिपविणाऱ्या आहेत. एक ओरखडा नाहीं, एक कण नाहीं, रंग सपाट आणि झगझगीत. परंतु जाणत्या प्रेक्षकांनीं जुन्या प्रतींशीं त्या ताडून पाहिल्या, तेव्हां धुळीबरोबर रेघाही गेल्याचें दिसून आलें. वस्त्रांच्या चुण्या, केसांतील बारीक रेषा, आकृतीची कडा, या ठिकाणीं टांकाची रेघ कोठें तुटलेली, कोठें विरलेली, कोठें अजिबात नाहींशी. ग्रेन तर समूळ धुतला गेला होता. ‘सिंडरेला’च्या सेलवर रेघा एकाच काळ्या शाईच्या नसून त्या त्या भागाच्या रंगास जुळणाऱ्या रंगीत शाईंच्याही होत्या, अशा नाजूक रेघा चाळणींतून आधीं गळाव्या हें स्वाभाविकच होय. ज्या स्त्रियांनीं त्या रेघा एकेक करून उतरविल्या, त्यांपैकीं बहुतेकींचीं नांवें चित्रपटाच्या श्रेयनामावलींत नाहींत. ती रेघ हीच त्यांची सही. ती पुसली गेली म्हणजे त्यांच्या श्रमाचा पडद्यावरचा शेवटचा पुरावा पुसला गेला. आमच्या मतें या संस्करणाचा सर्वांत मोठा अपराध हाच.

दुसरा प्रश्न रंगाचा. नायिका राजवाड्यांतील नृत्यास जातांना जो झगा घालते तो चित्रपटांत रुपेरी-पांढरा आहे. रात्रीच्या प्रकाशांत त्यावर निळसर झांक येते. परंतु बाहुल्या, पोषाख, चित्रांचीं पुस्तकें यांच्या व्यापारांत तो झगा निळा ठरून गेला. आणि घरोघरच्या तबकड्यांतही तो अधिकाधिक निळा दिसूं लागला. कीर्तनकाराच्या तोंडीं रूढ झालेलें आख्यान पुढच्या लेखकानें मूळ पोथींत घुसडावें, तसा हा प्रकार आहे. लोकरूढीनें मूळावर मागें फिरून केलेल्या या आक्रमणास आपण प्रक्षेप म्हणतों. येथेंही दुसरा शब्द योग्य नाहीं.

या पार्श्वभूमीवर २०२३ सालच्या नव्या प्रतीचें मोल ठरवावयाचें आहे. फेब्रुवारी २०२३ मध्यें बर्लिनच्या महोत्सवांत ती दाखविण्यांत आली, आणि ऑगस्टपासून ती घरोघर पाहावयास मिळूं लागली. मूळ निगेटिव्ह नव्यानें संगणकांत उतरवून ही प्रत सिद्ध केलेली आहे. हें काम केवळ यंत्रावर न सोंपवितां, एरिक गोल्डबर्ग व मायकेल जियामो यांसारख्या, स्वतः हातांत पेन्सिल व कुंचला धरणाऱ्या डिस्ने-शाळेंतील कलावंतांस त्यांत सल्ल्यासाठीं बसविलें, आणि चित्रशाळेच्या संग्रहांतील त्या वेळचे सेल व देखावे समोर ठेवून रंग ताडले. परिणाम डोळ्यांस दिसतो. रेघा परत आल्या आहेत. झगा पुन्हां रुपेरी झाला आहे. मेरी ब्लेअर या चित्रकर्त्रीच्या रंगयोजनेंतील छायेचा थंडपणा, जो झगझगीत प्रतींत हरवला होता, तो पुन्हां जाणवतो. जुनी चूक मुकाट्यानें तशीच चालूं न देतां दहा वर्षांनीं काम मुळापासून पुन्हां करणें, ही गोष्ट कोणत्याही संस्थेस भूषणावह आहे. ग्रंथप्रकाशनाच्या क्षेत्रांतही अशीं उदाहरणें थोडींच सांपडतील.

४. पूर्वपक्ष व उत्तर

तथापि या नव्या प्रतीच्या मागचें तत्त्व आम्हांस निःशंकपणें मान्य नाहीं. शुद्धीकरण करणाऱ्यांचा नेहमींचा पूर्वपक्ष असा असतो : ‘मूळ कलावंतांस धूळ नको होती. ती टाळण्यासाठीं त्यांनीं आटोकाट यत्न केला. आजचीं साधनें त्यांस मिळालीं असतीं तर त्यांनीं तेंच केलें असतें जें आम्ही करतों. सबब आम्ही त्यांची इच्छाच पुरी करीत आहों.’

या म्हणण्यांत तथ्य आहे, आणि धुळीपुरतें तें आम्ही मान्यही करतों. परंतु ‘त्यांची इच्छा’ हें प्रमाण निसरडें आहे. धुळीपासून निघून तें ग्रेनवर येतें, ग्रेनवरून थरथरणाऱ्या रेघेवर, रेघेवरून रंगावर; आणि शेवटीं कर्त्याच्या नांवावर संपादकाची आवड खपूं लागते. आपल्याकडे या प्रश्नाचा विचार फार मोठ्या प्रमाणावर झालेला आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचें कार्य १९१९ सालीं हातीं घेतलें व १९६६ सालीं तें पुरें केलें. १९२५ पासून तिचे प्रमुख संपादक असलेले डॉ. विष्णु सीताराम सुखठणकर यांनीं १९३३ सालच्या आदिपर्वाच्या प्रस्तावनेंत भूमिका मांडली ती अशी : आम्ही देतों ती संहिता व्यासांची मूळ कृति नव्हे; उपलब्ध हस्तलिखितें आपणांस जितकें मागें जाऊं देतात, तितकें जुनें रूप आम्ही देतों, त्यापलीकडे कल्पनेनें जात नाहीं. पाठ समजत नाहीं म्हणून तो बदलण्याऐवजीं समजून घेण्याचा यत्न करावा, हाही त्यांचा दंडक. आणि गणपतीनें महाभारत लिहून घेतल्याची सर्वांस प्रिय असलेली कथा जेव्हां पुराव्यास उतरेना, तेव्हां ती संहितेंतून काढली, परंतु टाकून दिली नाहीं; परिशिष्टांत तिचे पाठभेदांसह जतन केलें. ज्यास ती हवी त्यास ती आजही तेथें मिळते.

ही कसोटी ‘सिंडरेला’स लावून पाहूं. सेल आणि देखावे हे रंगाचे साक्षीदार म्हणून बोलावले, हें ठीक झालें. परंतु ते अंतिम साक्षीदार नव्हेत. शाई-रंगाच्या खात्यांत रंग घोटले जात, ते फिल्मवर व मागाहून छपाईंत कसे उतरतील हें लक्षांत घेऊन. सेलवरचा रंग ही कर्त्याची कच्ची टिपणें झालीं. १९५० सालच्या प्रेक्षकानें पडद्यावर जें पाहिलें तो प्रसिद्ध ग्रंथ झाला. त्या काळीं रंगद्रव्यांनीं छापलेल्या प्रती चांगल्या टिकाऊ असतात. म्हणून जेथें अशी प्रत मिळेल तेथें छटेच्या बाबतींत तिचा शब्द सेलच्या शब्दाहून वरचढ मानला पाहिजे. पटास सेलशीं तंतोतंत जुळविणें म्हणजे काव्याच्या प्रसिद्ध पाठाऐवजीं कवीच्या वहींतला पहिला खर्डा छापणें. तो खर्डाही मोलाचा; पण तो तें काव्य नव्हे. कोणत्या दृश्यांत कोणत्या साक्षीदारास मान दिला, साक्षी परस्परविरुद्ध निघाल्या तेथें निवड कशी केली, याचा दृश्यवार तक्ता प्रतीसोबत दिलेला नाहीं. निर्णय बरोबर असतील. परंतु ते तपासण्याचें साधन प्रेक्षकाच्या हातीं नाहीं. २०१२ सालचे शुद्धिकर्तेही आपल्या निर्णयांबद्दल असेच निःशंक असावेत.

हस्तलिखितांच्या शेवटीं जुने लेखक एक विनंति लिहीत असत : जसें पाहिलें तसें लिहिलें, शुद्ध असो वा अशुद्ध, दोष मला देऊं नये. त्या विनंतींत एक मोठी सोय होती. वाचकास कळे कीं या हातानें आपल्या बुद्धीनें कांहीं घातलेलें नाहीं. आजच्या शुद्धिकर्त्यास असें म्हणतां येत नाहीं. त्यानें लाखभर चौकटींत आपल्या बुद्धीनें निवड केलेली असते. मग त्यानें निदान निवडीचा हिशेब तरी द्यावा.

५. आपल्याकडील एक उदाहरण

हा प्रश्न परदेशापुरता आहे असें कोणी समजूं नये. जपानी निर्माते युगो साको हे १९८३ च्या सुमारास शृंगवेरपुर येथील डॉ. ब. ब. लाल यांच्या उत्खननावर माहितीपट करण्यासाठीं भारतांत आले असतां रामकथेच्या नादीं लागले, आणि त्यांतून ‘रामायण : द लेजेंड ऑफ प्रिन्स राम’ हा हातानें काढलेल्या चित्रांचा भारत-जपान चित्रपट निर्माण झाला. साको, कोइची सासाकी आणि आपले राम मोहन हे तिघे त्याचे दिग्दर्शक. १९९३ सालीं तो भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट-महोत्सवांत दाखविला गेला. त्याचे मूळ संवाद इंग्रजी. पुढें हिंदी पाठ तयार झाला, त्यांत रामाचा आवाज अरुण गोविल यांचा, रावणाचा अमरीश पुरी यांचा, आणि निवेदन शत्रुघ्न सिन्हा यांचें. दूरदर्शनसंचावर हा पाठ पाहून एक सबंध पिढी वाढली.

२४ जानेवारी २०२५ रोजीं या चित्रपटाची नव्यानें उजळलेली प्रत भारतांतील चित्रगृहांत आली, आणि तिच्याबरोबर हिंदी, तमिळ व तेलुगु या भाषांत नव्यानें ध्वनिमुद्रित केलेले संवाद आले. येथें दोन भिन्न कृत्यें एकाच नांवाखालीं झालेलीं आहेत, हें नीट पाहिलें पाहिजे. चित्र उजळणें हा जीर्णोद्धार. आवाज बदलणें हें नवें भाषांतर. तमिळ-तेलुगु बोलणाऱ्या मुलांस रामकथा त्यांच्या भाषेंत मिळाली ही आनंदाची गोष्ट. परंतु हिंदींत जुना पाठ अस्तित्वांत होता, आणि ज्यांस तो ऐकावयाचा होता त्यांस चित्रगृहांत नवाच ऐकावा लागला. नवें भाषांतर करूं नये असें आमचें म्हणणें नाहीं. रामकथेचीं भाषांतरें करूं नयेत असें म्हणणारा मनुष्य या देशांत हास्यास्पद ठरेल. परंतु एकनाथांचें भावार्थ रामायण हातीं देऊन त्यास कोणी वाल्मीकींची शुद्ध केलेली प्रत म्हणत नाहीं. दोन्ही ग्रंथ शेजारीं शेजारीं नांदतात. चित्र १९९३ चें आणि हिंदी आवाज २०२५ चा, हें प्रतीवर स्पष्ट लिहिलें आणि जुना आवाजही निवडण्यास ठेवला, म्हणजे तक्रारीस जागा उरत नाहीं.

६. नियम

वरील विवेचनावरून आम्हांस जे नियम आवश्यक वाटतात ते असे. पहिला : निगेटिव्ह जशी आहे तशी, एकही कण न पुसतां, संगणकांत उतरवून घ्यावी, आणि ती नोंद कायम सांभाळावी, तिच्या नकलेवरच शुद्धीचें काम करावें. दुसरा : काळानें आणलेले दोष निःसंकोच काढावे. तिसरा : कामाच्या वेळीं पडलेले दोष प्रेक्षकांसाठींच्या प्रतींतून काढल्यास हरकत नाहीं, परंतु त्यांची नोंद ठेवावी, कारण चित्रपट हा काव्याप्रमाणें आस्वादाचा विषय आहे तसाच पेशवे दफ्तरांतील पत्राप्रमाणें कागदपत्रही आहे, आणि पत्र छापतांना आपण लिहिणाराचें शुद्धलेखन सुधारीत नाहीं. चौथा : रेघ, कुंचल्याचा फराटा आणि ग्रेन यांस हात लावूं नये, शंका असेल तेथें मळ राहूं द्यावा. राहिलेला मळ उद्यां काढतां येईल, गेलेली रेघ कोठून आणणार? पांचवा : रंगाचा निर्णय कोणत्या साक्षीवरून केला तें सांगावें. सहावा : प्रत्येक शुद्ध प्रतीवर संपादकांचीं नांवें, साल आणि कृत्याचें स्वरूप लिहावें, आणि आधींचीं संस्करणें अभ्यासकांस पाहावयास मिळतील अशीं ठेवावीं.

यांतील पहिल्या नियमावर आमचा विशेष भर आहे. जुनी नायट्रेटची फिल्म ही मोठी नाशवंत वस्तु. तिच्यांतून वायु सुटतात, ती चिकट होते, शेवटीं तिची पूड होते. आणि पेटली तर तिच्याच घटकांत प्राणवायु असल्यामुळें ती विझवितां येत नाहीं. जानेवारी २००३ मध्यें पुण्यांतच लागलेल्या आगींत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचा नायट्रेट फिल्मांचा संग्रह जळाला. जुन्या भारतीय चित्रपटांचें जें तेथें गेलें तें पुन्हां येणें नाहीं. ज्या दिवशीं निगेटिव्ह नष्ट होईल त्या दिवसापासून संगणकांतली नोंद हीच मूळ प्रत होणार. ती नोंद जर गुळगुळीत केलेली असेल, तर पुढच्या संशोधकास ‘येथें रेघ होती’ असें म्हणण्यास पुरावाच उरणार नाहीं. २०१२ ची चूक २०२३ सालीं सुधारतां आली, ती निगेटिव्ह जिवंत होती म्हणून.

नव्या प्रेक्षकांसाठीं जुनी कृति सुलभ करावी, याबद्दल आमचा आक्षेप नाहीं. पुष्कळ वर्षें मुलांस शिकविण्यांत घालविल्यामुळें, स्वच्छ छापलेलें पुस्तक मुलें आनंदानें उघडतात आणि किडकें पान पाहून मिटतात, हें आम्ही चांगलें जाणतों. परंतु मूल ज्या चित्राकडे ओढलें जातें तें त्याच्या गुळगुळीतपणामुळें नव्हे. कोणी तरी हातानें काढलेली रेघ आपल्यासमोर उठून चालूं लागते, या आश्चर्यामुळें. तें आश्चर्य त्या रेघेंत आहे. २०२३ च्या प्रतीनें ती रेघ परत दिली, म्हणून तिचे आम्ही ऋणी आहोंत. तिचा हिशेब दिला असता तर अधिक ऋणी झालों असतों. ज्यांच्या हातीं आपल्याकडील जुन्या चित्रपटांचे डबे आहेत, त्यांनीं हिशेबाची ही वही पहिल्या दिवसापासून उघडावी, एवढीच आमची विनंति आहे.